तिसरी मुलगी

पडद्यावरचा तो चेलो वाजवतो,
वाइनचा घोट जिभेवर घोळवतो,
सुरी धरतो कुंचला धरावा तशी.
अख्ख्या थिएटरचा जीव जडलाय त्याच्यावर.

नवव्या रांगेत रॅग्नहिल्ड.
तिने खरा पाहिलाय, ट्रॉन्हाइमच्या कोर्टात.
टायर विकायचा. सर्दीने नाक गळत होतं.
साक्षी चालू असताना
नखातलं ग्रीस काढत बसलेला.

तिच्या लेकीला मिळाले अकरा सेकंद,
पाठमोरे, लाल कोटात.
लाल तिने कधी अंगाला लावला नाही.
भावाचं जुनं जर्किन घालायची,
बाह्या दोनदा दुमडून.

श्रेयनामावलीत: तिसरी मुलगी.

लोक उठतात, पॉपकॉर्न झटकतात.
डोळे काय आहेत ना त्याचे, कुणीतरी म्हणतं.
रॅग्नहिल्ड बसून राहते
मांडीवरच्या कोटाची बाही दुमडत,
एकदा,
पुन्हा एकदा.