भाग दुसरा

पाणी येतं पाच दहाला.
चाळीचा पंप घरघरला की आवाज खराब.
म्हणजे माझ्याकडे पंचवीस मिनिटं,
त्यातली चार मोबाइल डब्यांना टेकवण्यात.

चेहरा दाखवत नाही. फक्त हात,
आणि ओट्यावर उलटा घातलेला मिक्सर.
"हा कपलर. झिजला की भांडं फिरत नाही,"
मी कुजबुजते.
पडद्यामागे तन्वेश झोपलाय.
सासरे खोकले की पुन्हा पहिल्यापासून.

आठला परळच्या लॅबमध्ये, दुसऱ्यांच्या रक्ताला लेबलं लावत.
रात्री अंगठ्याने कापाकापी;
निम्म्यात डोळा लागतो,
आणि छातीवर माझाच आवाज
मला बजावत राहतो: स्क्रू हरवू नका.

अठ्ठ्याहत्तर डॉलर जमलेत.
शंभर झाल्याशिवाय हातात पडत नाहीत.
सासरे रोज विचारतात, आज काय भाव?
जणू कोथिंबीरच.

वाटीत सात स्क्रू.
भाग पहिला संपला तिथेच
आमचा मिक्सर पोट उघडून पडलाय, सोळा दिवस.
"भाग दुसरा रविवारी" असं बोलून बसले,
आणि रविवारी ड्यूटी लागली.

तोवर चटणी खलबत्त्यात.
तीही पाच दहानंतर.
आवाज होतो ना.