कडता

गूळ तोलताना शंभर किलोमागं
दोन किलो मोजायचेच नाहीत, असा रिवाज होता.
कशाचे दोन? गोणपाटाचे, ओलाव्याचे, मुंग्यांचे.
माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं,
मला विचारलं गेनबा टेमगिरेनं.

खुटबावचा. रात्रभर ट्रॉलीत ढेपांवर बसून आलेला,
मिशीत चुलवणाची राख.
काट्याकडं बघतच नव्हता,
बघत होता माझ्या अंगठ्याकडं,
वजनाच्या पारड्याच्या कडेवर टेकलेल्या.
"मापाडी, हा काढ."
काढला. काटा हलला.
अख्ख्या गाळ्यानं बघितलं.

गुलटेकडीत तीन दिवस लिलाव बंद.
ढेपा उन्हात पाझरल्या,
माश्या आल्या, मग पेपरवाले आले.
चौथ्या दिवशी कडता उठला
आणि गेनबाला दोघांनी खांद्यावर घेतलं.
त्यातला एक मी.
अठ्ठावन्न किलो. आमच्या खांद्यालाही कळतं.

पुढं संचालक, मग सभापती.
गेनबाचा ज्ञानदेवराव कोणत्या सभेत झाला
कुणाला आठवत नाही.
आमदारकीला अपक्ष उभा राहिला,
चिन्ह मागितलं तराजू, मिळाली शिट्टी.
शिट्टीवर निवडून आला.
पोरं वर्षभर वाजवत होती.

मग पक्ष, मग पणन खात्याचा राज्यमंत्री.
लाल दिव्याची गाडी पहिल्यांदा यार्डात आली
तेव्हा काच खाली करून मला नावानं हाक मारली.
दुसऱ्यांदा काच वर होती, काळी.
त्यानं हात केला असणार,
असं धरून मीही हात केला.

त्याच साली कडता परत आला.
आता त्याला नमुना म्हणतात.
किती? दोनच किलो.

त्याच्या साठीला बिबवेवाडीच्या हॉलमध्ये गूळतुला.
मला मुद्दाम बोलावलं, "तोलायला तोच हात पाहिजे."
मांडी घालून बसला पारड्यात, फेटा, चार शाली.
गूळ कुणी दिला, विचारू नका;
ढेपेवरच्या कापडाची गाठ बघून मला गाव कळतं.
ऐंशी, नव्वद, अजून दोन ढेपा.
मी हळूच म्हणालो, "साहेब, शालींचा कडता धरू?"
तो हसला. फोटोत तेच हसू आलंय.
मी फोटोत कोपरापर्यंत आहे.

पडला अकराशे मतांनी.
दुसऱ्यांदा तिकीटच नाही.

परवा पिकअपमधून बावीस ढेपा आल्या.
मागून तो उतरला, गुडघा धरून.
काटा आता इलेक्ट्रॉनिक, लाल आकडे.
त्यानं चष्मा लावला,
आकड्यांकडं नाही बघितलं.
मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नमुन्याचे किती धरतात हल्ली?"
"दोन."
मागं चार गाड्या उभ्या होत्या, कुणीतरी हॉर्न दिला.
"धर," म्हणाला.

पट्टी चौघडी करून खिशात ठेवली,
आणि विचारलं,
स्वारगेटला रिक्षावाले किती घेतील.