बनावट

सोहार बंदरात कंटेनरचं दार उघडलं
तेव्हा आधी बाहेर आला उद्यमनगरचा वास:
कटिंग ऑइल, प्रायमर,
पोत्यात गुंडाळलेल्या जादा नटबोल्टांचा गंज.
मग ती. लाल. दोन सीटची.
छप्पर नाही, दरवाजे गुडघ्याएवढे.
कस्टमच्या पोराने आधी फोटो काढला,
मग विचारलं, ही जत्रेतली आहे का?
विश्राम म्हणाला, नाही, रस्त्यावरची.

रस्त्यावरची ती अजून व्हायची होती.

टायपिंग सेंटरमधला सजीवन
अरबी असं झरझर टाइप करायचा
की बोटं हुरडा चोळतायत वाटावं.
एका रकान्याशी थांबला.
मेक?
विश्राम सुरू झाला:
चासी शिरोलीच्या शेडमध्ये वेल्ड केली,
इंजिन पलटी झालेल्या व्हॅनचं,
फायबरच्या बॉडीचं किट पुण्याहून, चार खोक्यांत,
त्यातलं एक खोकं भिजलेलं...
चेट्टा, एकच शब्द बसतो इथे. कंपनी?
कंपनी नव्हती. रविवार होते.
सहा वर्षांचे.

आपल्यात एक शब्द आहे, मी मनात म्हटलं,
बनावट.
आणि जीभ चावली,
तोच शब्द खोट्या नोटेलाही लागतो.

तपासणीच्या शेडमध्ये खल्फान साहेब,
पांढऱ्या दिशदाशाची इस्त्री न मोडता
गाडीखाली कसा वाकला देव जाणे.
चासीवर ठोकलेल्या नंबरावरून त्याने नख फिरवलं,
शालूची जर खरी की खोटी बघतात तसं.
हा नऊ, नऊ नाही, म्हणाला.
नव्हताच.
इसाक मिस्त्रीच्या पंचसेटमधला नऊ
कुणाच्या तरी ट्रॅक्टरपायी हरवलेला,
विश्रामने सहा उलटा धरून ठोकला होता.
टॉर्च माझ्या हातात होता. हललाही होता.
खल्फान हसला नाही. काहीतरी लिहून घेतलं.
नंबरचं बघू, म्हणाला.
स्टिअरिंग मात्र डावीकडे पाहिजे.

त्या रात्री विश्राम जेवला नाही.
मी जेवले. कोळंबी होती.

फलज अल कबाइलच्या गॅरेजात नियामत उस्तादने
ती पुन्हा अर्धी उघडली.
जूनमध्ये पाना उचलायचा तर फडक्याने.
पेडल इकडचे तिकडे, रॅक उलटी,
जुन्या भोकांवर पत्र्याची ठिगळं.
पैसे? ते विचारू नका.
त्यात गावाकडे एक खोली वर चढली असती.

आणि मग सगळं बसवून झाल्यावर
विश्राम आत बसायला गेला
तर गुडघे डॅशबोर्डला.
ती सीट माझी.
फोम माझ्या बेताने कापलेला, जरा वर, जरा पुढे,
सहा वर्षं मी तिथे बसून
हॉर्न कधी वाजवायचा एवढंच सांगत होते.
फोम बदलू, म्हणाला.
बदलू, मी म्हटलं.
स्मेल्टरच्या शटडाउनमध्ये ते राहून गेलं.

ड्रमच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते.
रिव्हर्स घेताना पिंप घरंगळत जायचं
आणि मागून कुणीतरी बिचारं ते उभं करायचं.
तिसऱ्यांदा पिंप हललं नाही.
म्हणून शेवटच्या तपासणीला रिकव्हरी ट्रकमागून
मीच गेले, डबा आणि कागद घेऊन.
खल्फान म्हणाला, ब्रेक दाखव.
दाखवले.
माझीच ओढणी पुढे उडून तोंडावर आली.
तेव्हा हसला.

मुल्कियावर मेकच्या रकान्यात
एकच अरबी शब्द आहे.
सजीवनला विचारलं, काय लिहिलंय?
म्हणाला, "इतर."

शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत,
शिनासच्या रस्त्याला काढतो.
खजुराच्या बागा, मध्येच समुद्र,
टोयोटावाले शेजारी येऊन अंगठा दाखवतात.
विश्राम उजवीकडे बसतो, जुन्या जागी,
आणि गोल चक्कर आलं की त्याचा पाय
ठिगळावर दाबला जातो.
पत्रा वाजतो.
मी काही बोलत नाही.
फोम अजून तोच आहे.