घसारा

सूचना चौदा दिवस आधी लावली होती,
शाळेच्या जिन्यापाशी, हरवलेल्या डब्यांच्या यादीशेजारी.
साडेपाचला सहाजण. गणसंख्या पंधरा.
नियमाप्रमाणे सभा तहकूब केली
आणि नियमाप्रमाणेच अर्ध्या तासाने
त्याच जागी, त्याच सहाजणांत, पुन्हा भरवली.
मधे चहा झाला. साठ रुपये, व्हाउचर जोडलंय.

मी खजिनदार. अकरा वर्षं, बिनविरोध,
म्हणजे दुसरं कुणी उभंच राहत नाही.

जमा बाजू पटकन वाचून होते.
ठेवीचं व्याज. वर्गणी एकोणीसजणांची,
त्यातले चार मी घरी जाऊन गाठले.
एकाने दार अर्धंच उघडून विचारलं,
अजून आहे का हो मंडळ?

आजीव सभासद तेवीस.
एकोणऐंशी साली एकशे एक रुपये भरून
मोकळे झाले ते.
ऑडिटर सोमण म्हणाले, तुमचे आजीव
फारच आजीव आहेत बुवा.
मीही हसले. रात्री मात्र
टपालखर्च भागिले माणसं करून पाहिलं,
आणि उत्तर यायच्या आत वही मिटली.

खर्च : गच्चीचं भाडं, यंदा दुप्पट.
धर्मादाय कार्यालयात तीन खेपा, रिक्षा.
आरशावरची बुरशी, पुढच्या वर्षी बघू.
तूट अकरा हजार दोनशे साठ.
दाभाडे म्हणाले, ठेव मोडू या.
मिरीकरांनी कानयंत्र काढून ठेवलं होतं,
ते सगळ्यांआधी म्हणाले, मंजूर.

म्हात्रे पुलाकडून इतका उजेड चढतो आता
की बारीक तारे आम्ही केव्हाच निर्लेखित केलेत.

डेडस्टॉक : टेबल एक. खुर्च्या नऊ, पैकी एक मोडकी.
दुर्बीण सहा इंची, आरसा मिरीकरांनी
एक्याऐंशीचा अख्खा पावसाळा
न्हाणीघरात बसून हाताने घासलेला.
घसारा वजा जाता किंमत रुपया एक.
शून्य लिहायचं नसतं, सोमण सांगतात,
वस्तू आहे तोवर रुपया ठेवायचा.

आठला ढग फाटले.
खालच्या क्लासमधली अफरोज मोमीन
सहज वर आली होती. तिने डोळा लावला,
मग नळीच्या पुढे जाऊन बघितलं
कुणी चित्र तर चिकटवलं नाही ना.
पुन्हा डोळा लावला. बराच वेळ.

कितीला आहे? तिने विचारलं.
मला वाटलं, दुर्बीण.
विद्यार्थ्यांना पन्नास, मी म्हटलं.
तिच्याकडे वीस होते.

पावती फाडली, कार्बन उलटा लागला होता,
पुन्हा लिहिली.
येणे बाकी, रुपये तीस.