राजा माळ्यावर गेला

विजयदुर्ग बंदरात चौदा महिने नांगरून पडलेलं जहाज.
त्यावर शेवटी तीन माणसं उरली, मालकाचा फोन बंद.
त्यातला एक अडेगोके, इंजिनाचं तेल पुसणारा.
नावाचा अर्थ विचारला तर म्हणाला, मुकुट डोंगर चढला.
मी म्हटलं, बाबा, आधी तू ही घाटी चढ,
वर पावणाईचं देऊळ आहे, विहिरीचं पाणी गोड.

मग रोज चढायचा. दोन हातांत दोन कॅन.

पौषात एका सांजेला नुसताच मोबाईल धरून आला.
पायरीवर बसला.
मोडक्या हिंदीत म्हणाला, आमचा राजा माळ्यावर गेला.

मी विचारलं, काय आणायला?

त्यांच्यात राजा मरत नाही.
मेला असं कुणी म्हणायचंच नाही.
तो माळ्यावर जातो,
जिथे आपण कांदे टांगतो, जुना पाळणा ठेवतो,
आणि खाली घराण्यांची पाळी लागते.
यंदाची पाळी ह्याच्या घराण्याची.
पुरुष उरले दोन: एक लंडनला टॅक्सी चालवतो,
दुसरा माझ्या पायरीवर.
तिकडे मानकरी बसलेत.
सोळा बिया ह्या मुठीतून त्या मुठीत,
हाती उरतील त्यांच्या रेघा भुकटीत,
आणि तिथला गुरव त्या रेघा वाचतो.

कौलच की, मी म्हणालो. मी धाकू गुरव,
माझ्या घरात पिढ्यानपिढ्या हेच.

राजा झाला की मण्यांचा मुकुट.
त्याच्या माळा तोंडावर, मुंडावळ्यांहून दाट,
लग्न कधीच न संपणाऱ्या नवऱ्यासारख्या.
चेहरा परत कुणाला दिसायचा नाही.
चारचौघांत जेवायचं नाही.
समुद्र बघायचा नाही, त्या गादीला तो वर्ज्य.
हे सांगताना तो समुद्राकडेच बघत होता.

कौल लाव, म्हणाला.

पाषाणाला तगरीच्या दोन पाकळ्या लावल्या,
उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा.
गाऱ्हाणं घातलं:
बा माझे पावणाई, ह्यो परमुलखातलो झील
तुझ्या पायरीर इलो हा,
ह्येची जी काय वाट आसात ती दाखय, म्हाराजा!
व्हय म्हाराजा म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.
तोच म्हणाला.

पाकळी हलेना.
समईत दोनदा तेल घातलं.
थांबलो तेव्हा त्यानं पहिल्यापासूनचं सांगितलं:
आधी नुसतं पाणी. वरून साखळी सुटली,
साखळीवरून एक जण उतरला,
गोगलगाईच्या शंखात माती, काखेत पाच बोटांची कोंबडी.
माती पाण्यावर ओतली. कोंबडीनं उकरली.
जिथवर उकरली तिथवर जमीन,
आणि जमिनीवर पहिली गादी.

मी आमचं सांगितलं. बाण सुटला, दर्या मागे हटला.
म्हणजे तुमचा समुद्र अजून रागात असेल, तो म्हणाला.
असेल. दर आषाढात वाडीतले चार माड नेतो.
तुमची कोंबडी बरी.

राखणदाराला सोडलेली एक होती आमच्याकडेही,
रात्री खांबामागे बसायची.
कशानं उठली कुणास ठाऊक, तडक गाभाऱ्यात.
मी हाड हाड करेतो
दोन्ही पाकळ्या खाली, आणि ती उकरतेय,
तांदूळ, कुंकू, तगर सगळं एक.
आधी कुठली पडली, डावी की उजवी,
देवीला माहीत.

तो हसला नाही.
उकिडवा बसला,
मोबाईलचा उजेड तिच्या पायावर धरला
आणि बोटं मोजली.
चार, म्हणाला.
मग दुसरा पाय. तिथेही चार.

चैत्रात जहाज लिलावात गेलं.
तो कुठे गेला, गोदीत कुणाला सांगता येत नाही.
विहिरीच्या कठड्यावर त्याचा एक कॅन आहे,
बायका त्यानं तुळशीला पाणी घालतात.
गावकीत विषय निघतो, त्या काळ्या खलाशाच्या कौलाचं काय झालं रे?
मी सांगतो, लागलेला आहे.
पडायचा बाकी.