डावा हातमोजा

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सातची मिस्सा.
ईरीच्या सरोवरावरून रात्रभर बर्फ येत राहिलेला.
बाकांवर आम्ही अकरा जण,
फादर मिखाल्स्की सर्दीने बेजार.
वेदीपाशी गरिबांसाठी टोपली:
मक्याचे डबे, वाटाण्याचे डबे,
मी ठेवलेला तांदळाचा पुडा.

‘देवाला धन्यवाद’ म्हणायची वेळ आली
आणि माझे ओठ हललेच नाहीत.

मार्चमध्ये तिकडे गासला बा गेला.
व्हिसाचे कागद अडकलेले,
माती द्यायला मी नव्हते.
फोनवर पाहिली पेटी,
तीही थांबत, अडखळत उतरताना.

बाहेर आले तर
कुंपणाच्या एका टोकावर माझा हातमोजा,
रविवारी हरवलेला, डावा.
कुणीतरी नीट खोचून ठेवलेला,
पाचही बोटं वर,
बोटांवर बर्फाच्या टोप्या.

बा म्हणायचा,
हरवलं की सगळेच सांत अंतोनला हाका मारतात,
सापडल्यावर कोण जातं सांगायला?

झटकला. घातला. गारठोण ओला.

घरी टर्कीला बॉटल मसाला चोळताना
हात चुरचुरू लागले,
तेव्हा कुठे म्हटलं,
सिंकपाशी, हळूच, मराठीत.
मिस्सा संपून तीन तास झाले होते.