गाबोनहून आल्यावर

मोहफुलं वेचता वेचता
कौतिका विचारते, ‘काय वं, काय काय पाह्यलं तिथं?’

आठ दिवस. ओल इतकी
की पासपोर्टाला बुरशी.
रान असं, की दुपारी बारालाही टॉर्च.
हत्ती नाही दिसला.
लीद दिसली. हात लावला, कोमट.
आत कसल्याशा फळाच्या बिया,
मी वाकून मोजल्या. सवय.

तिथली गाइड माझ्याच वयाची,
एक रबरी बूट फाटका,
मान खाली घालून काहीतरी बोलली.
दुभाष्यानं तोंड उघडायच्या आधीच
मला कळलं :
‘काल इथंच होता.’

उद्या सहाला गेटवर जिप्सी.
नागपूरचे सहाजण, हातभर कॅमेरे.
तेच वाक्य मीही म्हणीन, पण मान वर करून.

खाली उतरायला मनाई आहे,
नाहीतर अस्वलाच्या विष्ठेतल्या
टेंभराच्या बिया मोजायला लावल्या असत्या.